काट्याचे वजन स्क्रीनवर आणताना: एका थ्रेडने दुसऱ्याला निरोप कसा द्यावा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू खरेदी केंद्रासाठी तुम्ही सी प्लस प्लस आणि क्यूटी (विंडो, बटणे वगैरे बनवण्याचे तयार साहित्य, म्हणजे टूलकिट) वापरून प्रोग्राम लिहिला आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याचे वजन सिरियल पोर्टवरून वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यात, वाचता. तुमच्या दोन तक्रारी आहेत. त्या थ्रेडमधून लेबलचे सेटटेक्स्ट (स्क्रीनवरचा मजकूर बदलणारे फंक्शन) थेट बोलावले तर प्रोग्राम कधी तासन्‌तास चालतो, कधी पाच मिनिटांत क्रॅश होतो, आणि म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) लावूनही फरक पडला नाही. त्याऐवजी सिग्नल (क्यूटीत एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला दिलेला निरोप) वापरला तेव्हा क्रॅश थांबला, पण गर्दीच्या वेळी स्क्रीनवरचे वजन काट्याच्या मागे राहू लागले.

मी गोव्यात बरीच वर्षे वजनकाट्यांचेच प्रोग्राम लिहितो, आधी डिचोलीकडच्या खाणपट्ट्यातल्या ट्रकच्या काट्यांसाठी आणि आता लहान खरेदी केंद्रांसाठी. माझ्या मते तुमची दुसरी तक्रार पहिलीपेक्षा गंभीर आहे. क्रॅश झालेला प्रोग्राम निदान डोळ्यांना दिसतो. मागे पडलेले वजन कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एका बागायतदाराच्या पोत्याचा आकडा दुसऱ्याच्या पावतीवर चढतो. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, तुमच्या लेबलवर नसतो. दोन्हींत फरक पडला की भांडण तुमच्या दारात येणार.

आधी क्रॅशचे बघू, ते लवकर उरकते. सेटटेक्स्टमध्ये नुसती अक्षरे बदलत नाहीत. लेबल आपला आकार पुन्हा मोजते, लेआउटला कळवते, जुना मजकूर सोडून नवा धरते. नेमक्या त्याच क्षणी मेन थ्रेड (विंडो सांभाळणारा मुख्य थ्रेड) ते लेबल रंगवत असेल, तर तो अर्धवट बदललेल्या मेमरीत हात घालतो. म्युटेक्सने हे थांबत नाही, कारण म्युटेक्स फक्त तुम्ही लिहिलेल्या ओळींभोवती आहे. रंगवणे, आकार बदलणे, माउसच्या हालचाली टिपणे ही क्यूटीची आतली कामे तुमच्या म्युटेक्सला विचारून होत नाहीत.

मग टूलकिटवाल्यांनीच आत कुलपे का बसवली नाहीत? प्रयत्न झाले आहेत. एडब्ल्यूटी ही जाव्हाची जुनी टूलकिट अनेक थ्रेडमधून वापरता यावी असा सुरुवातीचा विचार होता, पण पुढे आलेल्या स्विंग या जाव्हाच्याच टूलकिटने तो नाद सोडला. अडचण मुळातच आहे. माउसचा क्लिक ऑपरेटिंग सिस्टिमकडून निघतो आणि विंडो, पॅनल, बटण असे करत तुमच्या कोडपर्यंत येतो. तुमच्या कोडने केलेला बदल उलटा जातो, बटणापासून विंडोकडे आणि तिथून सिस्टिमकडे. दोन थ्रेड दोन टोकांकडून कुलपे घेत निघाले की मध्येच एकमेकांची वाट बघत अडकतात. म्हणून जवळजवळ सगळीकडे एकच नियम ठरला: एका विंडोला हात लावणारा थ्रेड एकच. क्यूटीत तो मेन थ्रेडच असावा लागतो.

बाकीच्या थ्रेडनी त्या थ्रेडच्या इव्हेंट रांगेत (हाताळायच्या निरोपांच्या रांगेत) निरोप टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचे. विंडोजमध्ये हेच काम पोस्टमेसेज करते. सेंडमेसेज दुसऱ्या थ्रेडमधून बोलावला तर समोरच्याने निरोप हाताळून संपवेपर्यंत पाठवणारा तिथेच उभा राहतो. नावे सारखी वाटतात, पण एकात निरोप टाकून माणूस मोकळा होतो आणि दुसऱ्यात उत्तर येईपर्यंत खोळंबतो. तुम्हाला बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट हवी असते. क्यूटीतला क्यूड कनेक्शन म्हणजे तेच: सिग्नलची मूल्ये कॉपी होऊन रांगेत पडतात, आणि मेन थ्रेडचा इव्हेंट लूप सवडीने स्लॉट (सिग्नल आला की चालायचे फंक्शन) चालवतो.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये वजनाची प्रत्येक ओळ आली की सिग्नल सुटतो, आणि स्लॉटमध्ये लेबल बदलण्याबरोबर आजच्या खरेदीचा पूर्ण तक्ता पुन्हा भरला जातो. सकाळी तक्त्यात मोजक्याच ओळी असतात, तेव्हा काही जाणवत नाही. दुपारपर्यंत तक्ता लांबतो. समजा काटा सेकंदाला १० वजने पाठवतो आणि स्लॉटला प्रत्येक वेळी १५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे दर सेकंदाला दीड सेकंदाचे काम रांगेत येते. एका मिनिटात ६०० निरोप येतात आणि ४०० निपटतात. त्या क्षणी स्क्रीनवर दिसणारे वजन २० सेकंदांपूर्वीचे असते. तेवढ्यात पोते उतरवून दुसरे चढलेलेही असते.

वरून आणखी एक गोष्ट घडते. विंडोजमध्ये पोस्ट केलेले निरोप माउस-कीबोर्डच्या आणि रंगवण्याच्या आधी उचलले जातात. रांग निरोपांनी तुंबली की बटण दाबलेले कळत नाही आणि विंडो रंगवली जात नाही. क्यूटीचा स्वतःचा लूप थोडा वेगळा वागतो, पण परिणाम तोच. थ्रेडने साधारण ५ सेकंद रांगेकडे पाहिलेच नाही, तर विंडोज त्या विंडोवर प्रतिसाद देत नसल्याचा शिक्का मारते. विंडोजच्या या रांगेला मर्यादाही आहे, मूळ सेटिंगमध्ये १०,००० निरोपांची. ती भरली की पोस्टमेसेज अपयशी ठरतो, आणि त्याने परत दिलेले मूल्य कोणी तपासत नसल्यामुळे निरोप गुपचूप गळतो.

तक्ता भरण्याचे काम त्या स्लॉटमधून काढा, हे उघडच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. इथे एक प्रश्न विचारायला शिका, तो प्रत्येक निरोपाला लागू पडतो: हा निरोप हरवला तर चालेल का?

काट्याचे चालू वजन म्हणजे स्थिती. ४९.८५ नंतर ४९.९० आले की ४९.८५ ची किंमत शून्य. मधली दहा वजने गळाली तरी कोणाचे नुकसान नाही, शेवटचे मात्र पोचलेच पाहिजे. "या बागायतदाराचे ४९.९० किलो नोंदवले" ही घटना आहे. तिच्यातली एकही गळता कामा नये, दोनदा होता कामा नये आणि क्रमही बदलता कामा नये. आपण दोन्ही प्रकारचे निरोप एकाच रांगेत एकाच तऱ्हेने टाकतो, तिथेच घोटाळा होतो. स्थितीसाठी रांग नकोच. एक जागा पुरते, जिथे ताजे मूल्य जुन्यावर लिहिले जाते. रांग घटनांसाठी ठेवा.

क्यूटी स्वतः असेच करते. लेबलवर अपडेट दहादा बोलावले तरी रंगवण्याचा इव्हेंट बहुधा एकच येतो, कारण "रंगवायचे बाकी आहे" एवढीच खूण ठेवली जाते. विंडोजचा रंगवण्याचा निरोपही रांगेत साठत नाही, रांग रिकामी झाली आणि खूण दिसली की तो तयार होतो. तुमच्या वजनाला हाच न्याय लावा.

रचना सांगतो. वजन, स्थिर आहे की हलते आहे ती खूण आणि वाचल्याची वेळ असा एक स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली मूल्ये) ठेवा, त्याला एक म्युटेक्स. शेजारी एक अ‍ॅटॉमिक बूलियन (अनेक थ्रेडनी एकदम हाताळली तरी न बिघडणारी खरे-खोटे अशी खूण) ठेवा, त्याचे नाव "निरोप वाटेत" धरू. काट्याचा थ्रेड नवे वजन आले की म्युटेक्स घेऊन स्ट्रक्ट भरतो आणि म्युटेक्स सोडतो. मग "निरोप वाटेत" वर एक्स्चेंज करून खरे लिहितो आणि आधीचे मूल्य बघतो. आधी खोटे होते, तरच मेन थ्रेडला निरोप टाकतो. आधीच खरे असेल तर एक निरोप रांगेत पडलेला आहे, आणि तो उचलला जाईल तेव्हा आपण आत्ता लिहिलेले वजनच वाचले जाईल. दुसरा कशाला टाकायचा? अशाने रांगेत वजनाचा एका वेळी एकच निरोप राहतो, काटा सेकंदाला १० वजने पाठवो की १०००.

मेन थ्रेडच्या बाजूला क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी "निरोप वाटेत" खोटे करायचे, नंतर म्युटेक्स घेऊन वजन वाचायचे. उलट केले तर काय होते ते बघा. मेन थ्रेडने वजन वाचले. त्याच फटीत काट्याच्या थ्रेडने नवे वजन लिहिले, खूण खरी दिसली म्हणून निरोप टाकला नाही. आता मेन थ्रेडने खूण खोटी केली. नवे वजन स्ट्रक्टमध्ये बसून आहे आणि ते दाखवायला कोणी येणार नाही. सतत वजन पाठवणाऱ्या काट्यात पुढच्या ओळीने हे सावरून जाते, म्हणून चाचणीत सापडत नाही. पण वजन स्थिर झाल्यावर एकदाच ओळ पाठवणारे काटेही असतात. त्यांच्याबाबतीत स्क्रीन जुन्या आकड्यावर अडकून राहील. योग्य क्रमात जास्तीत जास्त काय होईल, एखादा निरोप फुकट येईल आणि तेच वजन पुन्हा वाचले जाईल.

एवढे नको असेल तर आणखी सोपा मार्ग आहे, आणि तुमच्या कामासाठी मी तोच घेईन. निरोप पाठवूच नका. मेन थ्रेडमध्ये १०० मिलिसेकंदांचा टायमर लावा आणि प्रत्येक ठोक्याला स्ट्रक्ट वाचून लेबल बदला. सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा बदलणारा आकडा माणसाला वाचताही येत नाही. टायमरचा आणखी एक फायदा आहे. काटा सतत वजन पाठवणारा असेल, तर स्ट्रक्टमधली वेळ एका सेकंदापेक्षा जुनी दिसताच आकडा करडा करून "काट्याकडून वजन येत नाही" असे तिथेच दाखवता येते. यूएसबीचा कन्व्हर्टर सैल झाला की काटा गप्प होतो. गप्प काट्याकडून निरोप येणार कुठून? निरोपांवर विसंबलेला प्रोग्राम अशा वेळी शेवटचे वजन खुशाल दाखवत राहतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर वीज ये-जा करते, तेव्हा हा प्रसंग हमखास येतो.

हेही सांगायला हवे की फक्त काटा वाचण्यासाठी थ्रेड लागतोच असे नाही. क्यूसिरियलपोर्ट मुळातच न अडवता काम करते, डेटा आला की रेडीरीड सिग्नल देते. ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट या सेटिंगला सेकंदाला फार तर ९६० बाइट येतात. मेन थ्रेडला हे काहीच नाही. अडवणारी कामे म्हणजे डेटाबेसमध्ये लिहिणे, प्रिंटरकडे पाठवणे, सर्व्हरशी बोलणे. ती दुसऱ्या थ्रेडमध्ये न्या, मग काट्याला कोणत्याही थ्रेडमध्ये ठेवा.

आता घटनेकडे. "नोंद करा" बटण दाबले की वजन लेबलच्या मजकुरातून घेऊ नका. बऱ्याच प्रोग्राममध्ये मला हे दिसते आणि प्रत्येक वेळी जीव खालीवर होतो. स्ट्रक्टमधून घ्या, आणि घेताना दोन गोष्टी तपासा: वजन स्थिर आहे का, आणि ते ताजे आहे का. बहुतेक काट्यांच्या ओळीत स्थिर-अस्थिर सांगणारी अक्षरे असतात, ती टाकून देऊ नका. मग बागायतदार, वजन, दर आणि एक चढता क्रमांक असे सगळे एका स्ट्रक्टमध्ये भरून सिग्नलने डेटाबेसच्या थ्रेडकडे पाठवा. इथे क्यूड कनेक्शनची रांगच हवी, कारण क्रम राखला जातो आणि एकही नोंद दुसरीवर लिहिली जात नाही. लिहून झाले की त्या थ्रेडने तोच क्रमांक घेऊन उलट सिग्नल द्यावा, आणि त्यानंतरच पावती छापावी. क्रमांक यासाठी, की उत्तर येईपर्यंत समोर दुसरे पोते आलेले असू शकते. "नोंद झाली" एवढाच निरोप आला तर तो कोणाच्या नोंदीचा, हे मेन थ्रेडला कळणार नाही.

उत्तराची वाट बघत असताना विंडो हलती राहावी म्हणून मेन थ्रेडमध्ये प्रोसेसइव्हेंट्स (रांगेतले निरोप मध्येच हाताळायला लावणारे फंक्शन) बोलावण्याचा मोह टाळा. त्यातून त्याच बटणाचा दुसरा क्लिक पहिल्याच्या पोटात चालू होतो आणि एका पोत्याच्या दोन नोंदी होतात. बटण बंद करा, फंक्शनमधून बाहेर या, उत्तराचा सिग्नल आला की बटण पुन्हा चालू करा. डेटाबेसचे कनेक्शन मात्र ज्या थ्रेडमध्ये वापरणार त्याच थ्रेडमध्ये उघडा. क्यूटीत एका थ्रेडमध्ये उघडलेले कनेक्शन दुसऱ्यात थेट वापरता येत नाही.

क्यूटीचे काही खास खड्डे आहेत, त्यांतले दोन तुमच्या कोडमध्ये दिसले.

पहिला: तुम्ही क्यूथ्रेड या थ्रेड सांभाळणाऱ्या क्लासचा सबक्लास करून त्यातच स्लॉट लिहिले आहेत. क्यूथ्रेडचा ऑब्जेक्ट ज्या थ्रेडने तयार केला त्याच थ्रेडचा राहतो, म्हणजे तुमच्याकडे मेन थ्रेडचा. नव्या थ्रेडमध्ये फक्त त्याचे रन हे फंक्शन चालते. त्यामुळे तुमचा "पोर्ट पुन्हा उघडा" हा स्लॉट मेन थ्रेडमध्ये चालतो, आणि त्याच वेळी रन तोच पोर्ट वाचत असते. साधा क्यूऑब्जेक्टचा वर्कर करा, त्याला पालक देऊ नका (पालक असलेला ऑब्जेक्ट हलवता येत नाही), मूव्हटूथ्रेडने हलवा आणि पोर्टचा ऑब्जेक्ट थ्रेड सुरू झाल्यावर त्याच्या आत तयार करा.

दुसरा: तुम्ही आणखी एका सिग्नलला लॅम्ब्डा (जागेवरच लिहिलेले बिननावाचे फंक्शन) जोडला आहे, पण पाठवणारा, सिग्नल आणि लॅम्ब्डा अशा तीनच गोष्टी दिल्या आहेत. कोणत्या ऑब्जेक्टच्या थ्रेडमध्ये चालवायचा हे क्यूटीला कळतच नाही, म्हणून लॅम्ब्डा सिग्नल सोडणाऱ्या थ्रेडमध्येच थेट चालतो. दिसायला सिग्नल आहे, प्रत्यक्षात तुम्ही परत काट्याच्या थ्रेडमधून लेबलला हात लावला आहे. मध्ये विंडोचा पॉइंटर (तिचा मेमरीतला पत्ता) द्या. मग तो विंडोच्या थ्रेडमध्ये, रांगेतून चालेल, आणि विंडो नष्ट झाली तर कनेक्शन आपोआप तुटेल.

नेहमीच्या ऑटो कनेक्शनचा निर्णय कनेक्ट करताना होत नाही, सिग्नल सुटताना होतो. त्या क्षणी चालू असलेला थ्रेड आणि घेणाऱ्याचा थ्रेड एकच असेल तर थेट, वेगळे असतील तर रांगेतून. पाठवणारा ऑब्जेक्ट कुठे राहतो याला महत्त्व नाही. तुमचा स्वतःचा स्ट्रक्ट रांगेतून पाठवायचा असेल तर क्यूटी ५ मध्ये तो क्यूरजिस्टरमेटाटाइपने नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर कन्सोलवर एक इशारा येतो आणि स्लॉट चालतच नाही. विंडोजवर ग्राफिकल प्रोग्रामला कन्सोल दिसत नाही, त्यामुळे माणूस दिवसभर डोके धरून बसतो. आणि स्ट्रक्ट पाठवताना मूल्य पाठवा, बफरचा पॉइंटर पाठवू नका. स्लॉट चालेपर्यंत तो बफर पुढच्या वजनाने भरलेला असेल.

ब्लॉकिंग क्यूड कनेक्शनपासून (स्लॉट संपेपर्यंत पाठवणाऱ्याला थांबवणाऱ्या जोडणीपासून) शक्यतो लांब राहा. प्रोग्राम बंद करताना ते हमखास दगा देते. संध्याकाळी माणूस विंडो बंद करतो, मेन थ्रेड क्विट सांगून वेट करत थांबतो, आणि नेमका त्याच वेळी वर्कर मेन थ्रेडने स्लॉट चालवावा म्हणून थांबलेला असतो. दोघेही कायमचे थांबतात. शेवटी टास्क मॅनेजरमधून मारावे लागते आणि अर्धवट नोंद राहते. बंद करण्याचा क्रम असा ठेवा: आधी बटणे बंद, मग डेटाबेसच्या रांगेतल्या नोंदी संपल्याचा निरोप येऊ द्या, मग वर्करला रिक्वेस्टइंटरप्शन आणि क्विट, शेवटी वेट. वर्करमध्ये वेटफॉररेडीरीड वापरत असाल तर त्याला २०० मिलिसेकंदांसारखी मुदत द्या, म्हणजे थांबण्याची विनंती त्याला दिसेल. टर्मिनेट वापरू नका. म्युटेक्स हातात असताना थ्रेड मेला तर तो म्युटेक्स कोणी सोडवणार नाही.

पुढे कधी दुसऱ्या टूलकिटमध्ये लिहिलेत तरी हेच विचार चालतात. मेन थ्रेडकडे निरोप टाकायला स्विंगमध्ये इन्व्होकलेटर, डब्ल्यूपीएफमध्ये डिस्पॅचरचा बिगिनइन्व्होक, जीटीकेमध्ये जी आयडल अ‍ॅड, मॅकवर मुख्य डिस्पॅच क्यू. पायथनच्या टीकेइंटरमध्ये क्यू आणि आफ्टर ही जोडी सर्रास वापरतात, म्हणजे वर सांगितलेला टायमरच.

हे सगळे केल्यावर चाचणी खऱ्या काट्यावर करत बसू नका, तो फार सज्जन असतो. लिनक्सवर सोकॅट किंवा विंडोजवर कॉमझिरोकॉम वापरून खोट्या पोर्टची जोडी करा आणि एका टोकाकडून वजनांचा मारा सुरू ठेवा. लेबल बदलणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक असर्ट (अट खोटी निघाली की प्रोग्राम थांबवणारी तपासणी) घाला, की चालू थ्रेड हा अ‍ॅप्लिकेशनचाच थ्रेड आहे. मग स्लॉटमध्ये मुद्दाम ३०० मिलिसेकंदांची झोप घाला, तक्त्यात ५००० ओळी भरा, मध्येच पोर्ट ओढून काढा, नोंद चालू असताना विंडो बंद करा. असर्ट लागला तर कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची यादी) आणि त्या ओळीचे कनेक्ट इथे टाका, पुढचे बघू.